साळवी सरांचं सेलेनियम

रत्नागिरीजवळच्या पावस गावात कुणी वारलं की शोकसभेत साळवी सरांना बोलायला द्यायचं की नाही, यावर आधी कोपऱ्यात खलबत होत असे. त्याचा उपयोग काहीच नव्हता, कारण दिलं तरी सर बोलत आणि नाही दिलं तरी बोलत. ते उभे राहत, शर्टाच्या खिशातून छोटा काळा कंगवा काढत, दाट पांढऱ्या केसांतून मागे फिरवत, तो फुंकून परत खिशात ठेवत, आणि मग गेलेल्या माणसाच्या गुणांवरून हळूहळू त्याच्या रक्तातल्या सेलेनियमवर येत. सोसायटीचे जुने चेअरमन आबा गेले तेव्हा सर म्हणाले, "आबांना आपण म्हातारपणाने गमावलं असं सगळे म्हणताहेत. आबांना आपण सेलेनियमच्या अभावाने गमावलं." आबा नव्वदी ओलांडलेले होते. त्यांचा मुलगा पुढच्याच रांगेत बसला होता. हे सेलेनियम बाबांना वेळेवर मेडिकलमध्ये मिळालं असतं का, असं त्याने मला बाहेर आल्यावर अगदी गंभीरपणे विचारलं.

मला विचारण्याचं कारण म्हणजे मी सरांची भाडेकरू होते. सर ज्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्याच शाळेत मी मराठी शिकवायला सांगलीहून आले होते आणि त्यांच्या पडवीकडच्या खोलीत राहत होते. त्यामुळे सरांच्या डोक्यात काय चाललंय याची चौकशी गाव माझ्याकडे करी. त्या डोक्यात एकच गोष्ट चाललेली असे, आणि ती मला सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी दिव्याबरोबर आणि रविवारी दुपारी विनाकारण ऐकावी लागे.

सेलेनियम हे एक खनिज आहे. माणसाला आणि जनावराला ते लागतं, पण इतकं थोडं लागतं की चिमूट हा शब्दही त्याला मोठा पडावा. ते मातीतून गवतात, गवतातून गुरात आणि धान्यातून माणसात येतं. आमच्याकडच्या जांभ्याच्या मातीत ते असतं, पण जांभ्यातलं लोखंड त्याला धरून बसतं आणि गवताच्या मुळांना सोडत नाही, असं सर सांगत. हे मला पटकन कळलं. सरांच्याच घराण्याची आंब्याची बाग सामाईक सातबाऱ्यावर होती. नावं भरपूर होती, पण आंबा कुणाच्याच तोंडाला लागत नव्हता.

आता हे वेड सरांना लागलं कुठून, तर गोठ्यातून. ही गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

काकींची म्हणजे सरांच्या बायकोची एक गाय होती, कपिला. माहेरून आलेल्या गाईच्या वंशातली म्हणून काकींचा तिच्यावर फार जीव. मी राहायला आले त्याच वर्षी कपिला व्याली. वासरू चांगलं दिसत होतं, डोळे टपोरे, कान हलवत होतं. फक्त ते उभं राहीना. पुढचे पाय टेकी, मागचे उचलायला जाई आणि कोसळे. काकी त्याला मांडीवर घेऊन बोटाने दूध चाटवत बसल्या. सर पडवी-गोठा अशा खेपा घालत होते आणि विज्ञानाच्या पुस्तकात हे कुठे येतं ते आठवत होते. ते कुठेच येत नव्हतं. वासरू गेलं. काकी रडल्या नाहीत, नुसत्या गोठा धूत राहिल्या. जनावरांचे डॉक्टर शिगवण नंतर आले आणि म्हणाले की स्नायू धरत नाहीत तेव्हा पुष्कळदा सेलेनियम कमी पडलेलं असतं, पुढच्या वेळी व्यायच्या आधी इंजेक्शन देऊ. पुढच्या वेळी दिलं. ते वासरू धडपडत उभं राहिलं आणि आईच्या सडाला लागलं. काकी तेव्हा रडल्या. सर मात्र त्या दिवसापासून जे बोलायला लागले ते थांबले नाहीत.

मला तेव्हाही वाटे आणि आताही वाटतं, की हा माणूस सेलेनियमच्या प्रेमात नव्हता. आयुष्यभर गावाला विज्ञान शिकवलं आणि स्वतःच्या गोठ्यात बायको मेलेलं वासरू घेऊन बसली तेव्हा आपल्याला एक शब्द सुचला नाही, हे त्याला सोसलं नव्हतं. पण असं कळलं म्हणून ऐकण्याचा त्रास कमी होतो असं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत पाहुणे म्हणून सरांना बोलावलं. केसांतून कंगवा फिरला, खिशात गेला. सर म्हणाले, देश प्रजासत्ताक झाला, पण मातीला सेलेनियम मिळालं नाही. मग ते जगावर आले. सेलेनियमची वेगळी खाण नसते, तांबं शुद्ध करताना भांड्याच्या तळाशी गाळ बसतो त्यातून ते काढतात. म्हणजे जगाला तांबं हवं असेल तेवढंच सेलेनियम निघणार. त्यातलं पुष्कळसं काचवाले आणि कारखानेवाले उचलतात, आणि गाईच्या वाट्याला उरलंसुरलं. पोरं उन्हात उभी होती आणि लाडवाच्या डब्याकडे बघत होती. सर आवाज चढवून म्हणाले की उद्या जगाने तांबं वापरणं सोडलं तर रत्नागिरीची वासरं कुणाच्या जिवावर उभी राहणार. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं संपलं.

यातली गंमत अशी की फार वर्षांपूर्वी रत्नागिरीत तांब्याचा कारखाना येऊ घातला होता आणि लोकांनी आंदोलन करून तो घालवला. त्या मोर्चात तरुण साळवी सर पहिल्या रांगेत होते. आपण कारखाना कसा हाकलला हे ते छाती काढून सांगत आणि त्याच दमात, आपल्या हातचं सेलेनियम कसं गेलं तेही सांगत. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान होता. त्यांत काही विसंगती आहे असं मी एकदा सुचवलं, तर ते म्हणाले की मराठी शिकवणाऱ्या लोकांना विसंगतीपलीकडे काही दिसत नाही.

गावाचं म्हणाल तर गाव आनंदात होतं. नापास पोराच्या आया सेलेनियमची चौकशी करू लागल्या. नाक्यावरच्या दुकानदाराने काजूच्या बरणीवर 'सेलेनियमयुक्त' अशी चिठ्ठी चिकटवली आणि भाव वाढवला. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की सरपंच स्वतःहून सरांना दोन शब्द बोलायची विनंती करत, म्हणजे रस्त्याचा विषय आपोआप मागे पडे. सरांना हे सगळं प्रबोधनाचं यश वाटायचं.

सर मासे खात नसत. मूळचे खाणारे, पण निवृत्तीनंतर कुठल्याशा सात्त्विक आहाराच्या शिबिराला जाऊन आले आणि सोडले. काकींनी सोडले नव्हते. रोज सकाळी मासळीवाली हमीदा पाटी घेऊन फाटकाशी यायची, काकी बांगडा घ्यायच्या आणि सर तोंड फिरवून तुळशीकडे बघायचे. माशांत सेलेनियम असतं असं मी कुठेतरी वाचलं आणि मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. सरांना सांगितलं. ते जराही दचकले नाहीत.

"असतं. भरपूर असतं," ते म्हणाले. "पण ते तामसी सेलेनियम."

सात्त्विक सेलेनियम दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या बियांत असतं, असा त्यांनी शोध लावला होता. त्या बिया दुबईत मिळतात. हमीदाचा मुलगा दुबईला एका सुपरमार्केटमध्ये कामाला होता, त्याच्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्या मागवायच्या ठरल्या. तेव्हा बोलिव्हियाच्या जंगलातलं सेलेनियम दुबईवरून रत्नागिरीला यायचं आणि शेवटचा टप्पा हमीदाच्या पाटीतून, बांगड्यांच्या शेजारी बसून करायचं. सर ते पाकीट चिमटीत धरून नळाखाली धूत आणि उन्हात ठेवत. हमीदा ते बघत उभी राहायची. "सर, आतल्या बिया बंद हायत. त्यांना काय वास लागनार?" एवढंच ती एकदा म्हणाली.

पाकिटावर लिहिलं होतं दिवसाला एखादी बी पुरे. सर मूठभर खात. त्याशिवाय गोळ्या होत्या. कमी पडल्याने काय होतं ते त्यांनी गोठ्यात डोळ्यांनी पाहिलं होतं, जास्त झाल्याने काय होतं ते पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

कपिला पुन्हा गाभण राहिली. शिगवणांनी खनिज मिश्रण दिलं, काकी ते रोज आंबोणात, म्हणजे गाईच्या भिजवलेल्या खाद्यात, कालवून मोजून घालत. सरांना ते पुरेसं वाटेना. त्यांनी सांगलीकडच्या एका पशुखाद्याच्या एजंटाकडून एक पूड आणली. ती मोठ्या कारखान्यात खाद्याच्या अख्ख्या ढिगात मिसळायची पूड होती. सर ती कपिलासाठी चहाच्या चमच्याने काढत. आणि द्यायची कशी, तर गोग्रासातून. जेवायला बसण्याआधी पानातला पहिला घास गाईसाठी काढून ठेवायचा ही काकींची सासरची रीत. तो घास गोठ्यात नेऊन द्यायचं काम सरांनी मोठ्या भक्तीने अंगावर घेतलं. भाताच्या मुदीत पूड दाबायची, कपिलाच्या तोंडात द्यायची, आणि तिथेच उभं राहून स्वतः बिया खायच्या. गाय आणि मी एकाच आहारावर आहोत, असं ते मला कौतुकाने सांगत. काकींना यातलं काही माहीत नव्हतं. नवरा उतारवयात धार्मिक झाला म्हणून त्या समाधानात होत्या.

मग श्रावण लागला. श्रावणात काकींच्या घरात मासळी नाहीच, पण कांदा आणि लसूणही उंबरठ्याच्या आत येत नसे. मला त्यांनी आधीच बजावलं होतं की तुला खायचं तर बाहेर खा, पण खोलीत आणू नको. मी सांगलीची, लसणीच्या चटणीवर वाढलेली, तरी निमूट पाळत होते.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी काकी माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"गो बाय, ह्यांच्या तोंडाला लसणीचा वास येतो तो तुला येतो काय, का माझ्याच नाकात भरलाय?"

येत होता. चांगलाच येत होता. आरतीला सर 'सुखकर्ता' म्हणून तोंड उघडत आणि देवघर फोडणीला पडल्यासारखं वाटे. सरांनी कुलदेवतेची शपथ घेतली की मी लसूण चाखलेली नाही. त्यांनी लवंगा चघळल्या, तुळशीची पानं खाल्ली, मिठाच्या गुळण्या केल्या. वास तसाच. काकींनी त्यांच्या शर्टाचे खिसे उलटे केले, त्यांतून फक्त कंगवा निघाला. तेव्हा काकींनी स्वतःचा निष्कर्ष काढला. सर रोज संध्याकाळी वाचनालयात जातो म्हणून निघत, ते वाचनालय एसटी स्टँडच्या शेजारी आहे, आणि स्टँडवर ऑम्लेटची गाडी आहे.

दोन दिवसांत हे सगळ्या गावाला कळलं. सात्त्विक सेलेनियमवर भाषणं देणारा माणूस ऐन श्रावणात गाडीवर उभा राहून हादडतो, यापेक्षा चांगली बातमी पावसला बऱ्याच दिवसांत आली नव्हती. गाडीवाल्याला लोक जाऊन विचारत. तो नाही म्हणत असे, पण अशा हसऱ्या चेहऱ्याने म्हणत असे की गिऱ्हाईक वाढलं. काकींनी सरांशी बोलणं बंद केलं. पान वाढून त्या माजघरात जात. एवढी वर्षं पाळलेला श्रावण नवऱ्याने बाटवला, वर देवाची शपथ घेऊन खोटं बोलला, हे त्यांना फार लागलं होतं.

मधल्या काळात सरांचे केस जायला लागले. कंगवा फिरवला की पुंजका हातात यायचा. नखांवर आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग ती ठिसूळ होऊन तुटायला लागली. मी घाबरून डॉक्टरकडे जा म्हटलं. सर म्हणाले की जुनं जातंय, नवं सेलेनियमयुक्त येईल. त्यांनी बियांची मूठ थोडी मोठी केली.

आणि मग कपिला लंगडायला लागली. तिच्या खुराला चिरा गेल्या होत्या आणि शेपटीचा गोंडा पार झडून नुसती दोरी उरली होती. तिच्या पोटात वासरू होतं आणि काकींना पहिल्याची आठवण ताजी होती. त्यांनी मला शिगवणांना फोन करायला लावला.

शिगवण रेनकोटमधून पाणी निथळत आले. खूर बघितले, शेपटी बघितली. मग कपिलाचं तोंड उघडून आत वाकले आणि तसेच थांबले.

"काकी, गाईला लसूण कोण घालतो?"

काकींनी पदर खोचला. श्रावण चालू आहे, या घरात लसणीची पाकळी नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. शिगवण म्हणाले, वास तर लसणीचाच आहे, तुम्ही बघा. काकी वाकल्या. उठल्या त्या एकदम सरांकडे बघत उठल्या. सर खांबाला धरून उभे होते, डोक्यावर चार केस, हातांची नखं गेलेली. काकी एकदा गाईच्या शेपटीकडे बघत होत्या आणि एकदा सरांच्या डोक्याकडे.

"म्हणजे तुम्ही स्टँडवर जात नव्हता," त्या म्हणाल्या. "गाय काय स्टँडवर जाऊन जेवते?"

त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. ती मी स्पष्ट पाहिली. इतक्या दिवसांचा राग उतरला, नवरा खोटं बोलला नव्हता. मग दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि चेहरा पांढरा पडला. "काय घालताव तिला?" त्यांनी विचारलं.

सरांनी पूड आणून दाखवली. शिगवणांनी पाकीट वाचलं, सरांची नखं बघितली आणि तुम्हीही असलंच काही खाताय का, असं विचारलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की सेलेनियम कमी पडलं की वासरू उठत नाही, आणि जास्त झालं की तेच विष. मधली जागा फार अरुंद आहे. अंगात साचलं की श्वासाला लसणीचा वास येतो, केस जातात, नखं जातात, खूर जातात. आजपासून गाईला नुसतं गवत आणि पेंढा, आणि सर, तुम्ही उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जा.

"आणि पोटातलं?" काकींनी विचारलं.

शिगवण म्हणाले की ते मला आता सांगता येणार नाही, व्याल्यावरच कळेल.

पूड शिगवणच घेऊन गेले. बियांचं काकींनी बघितलं. हमीदा नवीन पाकीट घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला आता आणू नको म्हणून सांगितलं. सरांनी पाकिटाकडे बघितलंही नाही. गणपतीत मंडळाने सरांना नेहमीप्रमाणे बोलायला उभं केलं. सगळे हसायच्या तयारीत बसले होते. सवयीने सरांचा हात खिशात गेला, कंगवा निघाला, डोक्यापर्यंत गेला आणि तिथे काहीच नाही हे आठवून खाली आला. "आरती सुरू करा," एवढंच म्हणून ते बसले. लोकांची निराशा झाली. मला तेव्हा गावाचा राग आला.

घरात काकी बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, पण गोग्रास पुन्हा स्वतः नेत होत्या. सरांना गोठ्यात येऊ नका असं त्या म्हणाल्या नव्हत्या. सरच जात नव्हते. पडवीच्या टोकाला खुर्ची टाकून कपिलाच्या पोटाकडे लांबून बघत बसत. एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "पहिलं गेलं ते माहीत नव्हतं म्हणून गेलं. हे गेलं तर माहीत होतं म्हणून जाईल."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकींची हाक आली. मी धावले. वासरू बाहेर पडलं होतं. पाडी होती, कपिला तिला चाटत होती. पाडीने पुढचे पाय टेकले, मागचे उचलायला गेली आणि कोसळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कोसळली. काकी गुडघ्यांवर बसून बघत होत्या आणि ओठ हलवत होत्या. सर गोठ्याच्या बाहेर चिऱ्याच्या भिंतीला हात लावून उभे होते. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"आत या," काकी मागे न बघता म्हणाल्या. "बाहेर उभं राहून उठायचं नाय ते."

सर आले. पाडीशेजारी बसले आणि बायकोला विचारलं, "मी हात लावू?"

काकींनी मान हलवली. सरांनी ते बिननखांचे हात पाडीच्या पोटाखाली घातले आणि नुसता आधार दिला. पाडी थरथरली. मागचे पाय रोवले. सरांनी हात सैल केले, पण काढले नाहीत. मग काढले. पाडी उभी राहिली, एक पाऊल टाकलं, डोकं आईच्या पोटाला धडकवलं आणि सड शोधायला लागली.

काकींनी पदराने डोळे पुसले आणि सरांकडे बघून म्हणाल्या, "बोला आता तुमचं काय ते."

"काय बोलू?" सर म्हणाले. "गवत आण कपिलाला."

त्यानंतर सर बोलले नाहीत असं नाही. पण सेलेनियम हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. गावाला काही दिवस चुकल्यासारखं झालं. नाक्यावरच्या दुकानदाराने बरणीवरची चिठ्ठी काढली आणि भाव तसाच ठेवला. थंडीत एकदा काकींनी सरांच्या पानात न विचारता बांगड्याचा तुकडा वाढला. सरांनी तो तामसी आहे की नाही याची चर्चा न करता खाल्ला आणि काटे नीट बाजूला काढून ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यात मला सांगलीजवळच्या शाळेत जागा मिळाली आणि मी निघाले. रिक्षा फाटकाशी उभी होती. काकी ओटी भरायला बसल्या होत्या, सर दिसत नव्हते. निरोप घ्यायला मी गोठ्याकडे गेले. सरांच्या डोक्यावर तोवर पांढरी लव आली होती, पण ती कंगव्यात धरण्याइतकी नव्हती. कपिलाचा गोंडा मात्र परत आला होता, चांगला दाट आणि काळाभोर. सर तिच्या मागे ठोकळ्यावर बसले होते. एका हाताने शेपटी मांडीवर धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या त्या छोट्या काळ्या कंगव्याने गोंडा हळूहळू विंचरत होते. गुंता आला की थांबत, बोटांनी सोडवत, आणि कंगवा फुंकून पुन्हा लावत.